मावशींची दुसरी सही

मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी गोरेगावच्या मावशी एवढंच सांगतो. त्या माझ्या आईच्या बहीण नाहीत. आमचा बंजारा तांडा गोरेगावपासून लांब, मधे ओढा. आठवीला मी गोरेगावच्या शाळेत आलो, तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला राहायला मिळाली आणि त्या मावशी झाल्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मावशी ब्लाउज शिवायच्या आणि स्वतःच्या नावावरचं तीन एकर रान स्वतः कसायच्या. खोलीचं भाडं त्यांनी कधी ठरवलं नाही. माझा थोरला भाऊ पेरणीच्या आधी बैल घेऊन यायचा आणि त्यांचं रान वखरून द्यायचा. आमच्या घरात गोरमाटी बोलतात. भावाला आम्ही भिया म्हणतो. मावशीही त्याला भियाच म्हणू लागल्या. भियाने सातवीतच शाळा सोडली होती. मी सोडू नये म्हणून.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.ए. झाल्यावर हिंगोलीत एका सेतू केंद्रात कामाला लागलो. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, पीकविम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म. दिवसभर मी दुसऱ्यांचे कागद नीट करून देतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जी चूक झाली ती अडाणी माणसाची नव्हती. ती माझी होती.

तीन वर्षांपूर्वी चुलत भावाच्या म्हशी आमच्या हरभऱ्यात शिरल्या. शब्दाने शब्द वाढला. भियाने हातातली काठी चालवली आणि चुलत भावाचा हात मोडला. त्याने रागाच्या भरात ठाण्यात तक्रार दिली. पोलिसांनी भियाला नेलं, कोर्टासमोर उभं केलं. त्या दिवशी जामीनदार म्हणून मावशींनी सही केली आणि भिया संध्याकाळच्या जीपने घरी आला. मावशींची ती पहिली सही.

महिन्याभराने नायकाने दोघांना समोर बसवलं. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्यापुढे मिटलेलं भांडण पुन्हा उकरून काढणं म्हणजे त्याचा शब्द पायदळी तुडवणं. भियाने धाकट्या चुलत भावाचे पाय धरले, दवाखान्याचा खर्च दिला, दोघांनी एका ताटलीतला गूळ खाल्ला. मग नायक माझ्याकडे वळून म्हणाला, "आता आपल्यात शिकलेला माणूस हाय. कागद करून टाका, म्हंजी कटकट ऱ्हायची न्हाई."

मी स्टॅम्पपेपर आणूनच ठेवला होता. सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'उभय पक्षांतील वाद आपसात मिटला असून यापुढे एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही.' दोघांच्या सह्या, नायकाचा अंगठा, साक्षीदार. मी तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा माझी याडी, म्हणजे आई, पदराने डोळे पुसत होती. घराण्यात पहिल्यांदाच कुणी कायद्याच्या भाषेत काही लिहिलं होतं. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही पेटीत ठेवला.

आणि तिथेच ठेवला. तो कोर्टाला द्यावा लागतो का, हे मी कुणाला विचारलंच नाही. नायकापुढे मिटलं, कागद झाला, म्हणजे संपलं. भिया कोर्टाच्या तारखेला गेला नाही. चुलत भाऊही गेला नाही. उलट जाणं म्हणजे नायकाचा अपमान, असं दोघांना वाटत होतं. दिवाळीनंतर दोघे एकाच टोळीत, एकाच ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला गेले. मागून समन्स आलं, ते कुणी घेतलं नाही. मग वॉरंट निघालं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, टोळी निघायच्या आठवडाभर आधी, सकाळी पोलिसांची गाडी तांड्यात आली. भिया दात घासत होता.

मी केंद्रात होतो. याडीचा फोन आला, पण तिला रडण्यातून काही सांगता येईना. शेवटी फोन चुलत भावाने घेतला. "आरं, भियाला नेलं रे. माझ्याच केसमदी! मी पोलिसाला म्हणलं, हात माझा मोडला, मला काई तकलीफ न्हाई, तुमाला काय हाय? त्यो म्हणला, बाजूला व्हय."

मी आधी तांड्यात गेलो, पेटीतून तो कागद काढला आणि छातीशी धरून ठाण्यात पोचलो. ठाण्यातले हवालदार वयस्क होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, साहेब."

"ब्येस हाय. कोर्टाला दिला व्हता का?"

"नाही. घरी पेटीत होता."

"मंग कुणासाठी लिवला व्हता? पेटीतल्या उंदरासाठी?"

मला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि साध्या शब्दांत समजावलं : गुन्हा दाखल झाला की तो दोघांच्या हातातून जातो. मिटवायचा असला तरी कोर्टापुढे, कोर्टाच्या परवानगीने मिटवायचा. आणि तारखेला गेलं नाही की कोर्ट समजतं, माणूस पळाला. "तुजा भाऊ पळाला न्हाई, मला म्हाईत हाय. घरीच दात घाशीत व्हता. पर कागदावर त्यो फरार हाय." मग त्यांनी भियाशी दोन मिनिटं बोलू दिलं, कुठल्या दवाखान्यात तपासणी होईल, किती वाजता कोर्टात उभं करतील, सगळं सांगितलं. पुढच्या दिवसांत मला ज्या-ज्या अनोळखी माणसांनी वाट दाखवली, त्यात हे हवालदार पहिले. त्यांचा टोमणा मला औषधासारखा लागू पडला.

कोर्टाने भियाला न्यायालयीन कोठडी दिली आणि परभणीच्या कारागृहात पाठवलं. आमच्या वकिलांनी जामिनाचा अर्ज केला. दोन दिवसांनी तो मंजूर झाला, पण नवा जामीनदार द्यायचा होता. ज्याच्या स्वतःच्या नावावर जमीन आहे, असा. शनिवारपासून दिवाळीची सुट्टी. वकील म्हणाले, "शुक्रवारपर्यंत जामीनदार उभा केला तर बरं. नाहीतर सुट्टीत कागद तपासणार कोण? दिवाळी आत जाईल त्याची."

तांड्यातल्या जमिनी बहुतेक आजोबा-पणजोबांच्या नावावर, सामायिक. वेगळा सातबारा असलेली माणसं मोजकी. मी एकेकाच्या दारात गेलो. कुणी अपमान केला नाही. चहा सगळ्यांनी दिला. पण एकाने चहाबरोबर स्पष्टच सांगितलं, "मागच्या जामीनदाराला कोर्टाची नोटीस गेली म्हणत्यात. आता आमी कशाला हात घालावा, सांग बरं?"

नोटीस? मला काहीच माहीत नव्हतं. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "हो तर. आरोपी आला नाही की जामीनदाराला विचारतात, तुमच्याकडून रक्कम का वसूल करू नये. जमिनीपर्यंत जाऊ शकतं." मागचा जामीनदार म्हणजे मावशी. आमच्या गुळाच्या ताटलीपायी मावशींचं तीन एकर रान पणाला लागलं होतं आणि आम्हा कुणाला पत्ताही नव्हता.

गुरुवारी सकाळी मी परभणीला भेटीसाठी गेलो. चुलत भाऊ हट्टाने बरोबर आला. याडीने ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि तळलेल्या भेंड्या बांधून दिल्या होत्या. फाटकावरच्या शिपायाने गाठोडं बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "घरचं आत जात नाही, भाऊ. कपडे द्या, ते तपासून जातील. आणि हे परत नेऊ नका, आईला वाईट वाटेल. इथंच झाडाखाली खाऊन घ्या." अशी माणसं असतात, म्हणून हे लिहितोय.

काचेपलीकडून भिया आला. दाढी वाढलेली. मी वकिलांचं, अर्जाचं, कोर्टाच्या हुकमाचं सगळं सांगू लागलो, तर त्याने मधेच विचारलं, "मावशीला कळलं का?"

"अजून मी गेलो नाही."

"जाऊ नको." तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "तिच्या दारात आता जाऊ नको. दुसरा मिळाला तर मिळाला. न्हाई तर ऱ्हातो मी इथं. जेवाय मिळतंय, मारत न्हाईत. बराबर हाय."

माझ्या मागून चुलत भाऊ वाकला आणि ओरडला, "आरं येड्या, उसाच्या टोळीला मी एकला जाऊ व्हय? एका हातानं कोयता मारू?" भिया हसला. पहिल्यांदा आणि तेवढंच. मग वेळ संपली.

बाहेर येऊन आम्ही झाडाखाली भाकरी खाल्ली. चुलत भाऊ भाकरीचे नुसते तुकडे करत होता. "मी त्या दिवशी ठाण्यात गेलोच नसतो तर..." असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता. मी म्हणालो, "तू गेलास ते बरोबरच होतं. हात तुझा मोडला होता. चूक त्या कागदाची." कागदाची म्हणालो, माझी म्हणालो नाही. तेवढं धाडस तेव्हा नव्हतं.

परतीच्या एसटीत मी दोन गोष्टी ठरवल्या. भियाचं ऐकायचं नाही. आणि मावशींकडे जामीन मागायला नाही, माफी मागायला जायचं. पण माणूस स्वतःलाही पूर्ण खरं सांगत नाही. हिंगोलीला उतरल्यावर मी आधी केंद्रात गेलो, मावशींचा गट नंबर टाकला आणि त्यांचा सातबारा छापून काढला. घडी घालून खिशात ठेवला. त्यांना न विचारता. ऑनलाइन आहे, कुणीही काढू शकतो. तरी खिशात तो कागद नुसता टोचत होता.

दुपारी गोरेगावला पोचलो. मावशी मशिनवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाय थांबवला.

"आला का? मला वाटलं, सरपंच झाला का काय, यायला टाईम न्हाई."

"मावशी, भियाला..."

"म्हाईत हाय. जीपवाल्यानं त्याच दिवशी सांगितलं. तीन दिस वाट बगून राहिले तुजी. काहून आला न्हाईस?"

मला वाटलं होतं मी उभा राहून नीट बोलेन. मी खाली बसलो आणि नोटिशीचं विचारलं. मावशी उठल्या, कपाटातून कापडांच्या तुकड्यांखालचा एक लिफाफा काढून माझ्यापुढे टाकला. उन्हाळ्यातली तारीख होती. त्या चौथी शिकलेल्या. त्यांनी तो स्वतः अक्षर-अक्षर वाचला होता, सांगितलेल्या तारखेला एकट्या जीपने कोर्टात गेल्या होत्या आणि साहेबांना सांगितलं होतं की पोरगं उसाला गेलंय, पळालं नाही, आलं की मी हजर करते. कोर्टाने मुदत दिली होती. भिया उसाहून परतला तेव्हा मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होत्या. नातवंड नाजूक, म्हणून त्या दिवाळीच्या तोंडावरच परतल्या आणि भियाला निरोप धाडायच्या आत पोलीसच पोचले.

"मला फोन का नाही केला, मावशी?"

"तुजी परीक्षा व्हती ना ती, तलाठ्याची. म्हणलं, पोरगं अभ्यास करून राहिलं, कशाला डोस्क्याला ताप."

त्या परीक्षेत मी नापास झालो होतो. ते मी त्यांना सांगितलंही नव्हतं. तिथे बसून मी रडलो, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. मावशींनी थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "बस झालं. हे सांग, उद्या काय काय लागंल? सातबारा लागंल ना? तलाठ्याकडं जावं लागंल."

मी खिशात हात घातला आणि घडी पुढे केली.

त्यांनी ती उलगडली. स्वतःचं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं.

"न इचारता काढला?"

"हो."

"मंग रडत काहून होता इतका येळ? आधीच द्यायचा." आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शेजारीण दारात आली. "बग गं, हे पोरगं माजी जमीन खिशात घालून माफी मागून राहिलं!"

हसून झाल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. "ऐक. सही करते. पर ह्या खेपेला गूळ-बिळ खाऊन मोकळं व्हायचं न्हाई. दर तारखेला भियानं कोर्टात जायचं, आन् तिथून घरी न जाता आधी हितं येऊन मला तोंड दाखवायचं. तुजा नायक आडवा आला तर त्याला माज्याकडं धाड."

शुक्रवारी सकाळी मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून, फोटो, आधार आणि रेशनकार्ड पिशवीत घालून कोर्टात आल्या. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "बाई, मागच्या वेळी हा तारखेला आला नाही. तुम्हाला नोटीस गेली. तरी पुन्हा जामीन राहता?"

मावशी कठड्याला हात न लावता उभ्या होत्या. "व्हय साहेब. पळून गेला असता तर आले नसते. त्यो पळाला न्हाई, चुकला. त्याला वाटलं गावात मिटलं म्हंजी मिटलं. आता त्याला कळलंय. आन् दुसऱ्या कुणाला त्यो बुडवल येक येळ, मला दुसऱ्यांदा न्हाई बुडवणार."

साहेबांनी क्षणभर पाहिलं आणि त्यांच्यापुढे कागद सरकवला. मावशींनी पेन हातात घेतलं. चार अक्षरं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. कोर्टातलं कुणी घाई केली नाही. मी तेव्हा पाठीमागे उभा होतो आणि मला माझं स्टॅम्पपेपरवरचं सुवाच्य अक्षर आठवत होतं. त्या अक्षराने भावाला तुरुंगात नेलं. ह्या वेड्यावाकड्या सहीने त्याला बाहेर काढलं.

सुटकेचा आदेश परभणीला पोचेपर्यंत त्या दिवशीची सुटकेची वेळ उलटून गेली होती. शनिवारी सकाळी भिया फाटकातून बाहेर आला. चुलत भाऊ आणि मी उभे होतो. भियाने विचारलं, जामीन कोण राहिलं? मी सांगितलं. हिंगोलीला उतरल्यावर तांड्याच्या जीपमध्ये बसण्याऐवजी तो गोरेगावच्या जीपकडे चालू लागला.

वकिलांच्या सल्ल्याने आम्ही तो जुना समझोता कोर्टापुढे मांडला, ह्या वेळी रीतसर अर्जासोबत. पुढच्या प्रत्येक तारखेला दोघे भाऊ गेले. उसाच्या हंगामात एकदा तर फडावरून रजा घेऊन, रात्रभर ट्रकमध्ये बसून आले. प्रत्येक तारखेनंतर भिया मावशींना तोंड दाखवून आला. गेल्या महिन्यात कोर्टाने तडजोड मान्य केली आणि प्रकरण बंद झालं. त्या संध्याकाळी मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "ब्येस झालं. ठेव आता, गिऱ्हाईक उभं हाय." आभार मानायला लागलो की त्यांचं गिऱ्हाईक नेहमी उभं असतं. म्हणून मी त्यांना पत्र टाकलं. मोठ्या अक्षरात, ओळीत जागा सोडून. ते असं :

मावशी,

तुम्ही फोनवर बोलू देत नाही, म्हणून लिहितो. पत्र कापता येत नाही.

सोबत कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रत आहे. तुम्ही आता जामीन नाही आहात. मी वकिलांना तीनदा विचारून खात्री केली आणि मगच लिहायला बसलो. तुमच्या रानावर आमच्यामुळे आता कसलंही ओझं नाही. ही प्रत त्या नोटिशीच्या लिफाफ्यात ठेवा, म्हणजे दोन्ही एका जागी राहतील. नोटीस फाडू नका. कुणी कधी विचारलं तर दाखवायला लागेल.

एक गोष्ट मी इतके दिवस कुणापुढे मान्य केली नव्हती, ती तुम्हाला सांगतो. भिया आत गेला तो काठीमुळे नाही, माझ्या कागदामुळे. मला वाटलं, मी शिकलोय म्हणजे मी लिहिलेलं चालेल. कोर्टात विचारायला मला लाज वाटली होती, की लोक म्हणतील, बी.ए. झाला आणि एवढं माहीत नाही. हे मी कालच भियालाही सांगितलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं.

आता केंद्रात कुणी जामिनासाठी सातबारा काढायला आला की मी त्याला आधी विचारतो, ज्याचा सातबारा आहे त्याला सांगितलंय का, आणि पुढची तारीख कुठे लिहून ठेवली. लोक वैतागतात. मालकही वैतागतात. पण मागच्या आठवड्यात एक म्हातारे आजोबा सातबारा घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने तारीख लिहून घ्यायला परत आले. तेव्हा मला तुमची आठवण आली.

उन्हाळ्यात ती नोटीस तुमच्या घरात होती, त्या दिवसांत मी तुमच्याकडे दोनदा जेवून गेलो. तुम्ही वाढत होता आणि मी पेपर किती अवघड असतो ते सांगत होतो. तुम्ही कसं चाललंय हे मी विचारलंच नाही. त्या परीक्षेत मी नापास झालो, तेही आज सांगतो. पुन्हा देणार आहे.

एवढंच मागणं आहे. यापुढे कसलंही सरकारी पत्र आलं, वीजबिल असो नाही तर कोर्टाचं, ते कपाटात ठेवायच्या आधी मला फोन करा. माझी परीक्षा असली तरी करा. परीक्षेच्या दिवशीही करा. मी बाहेर येऊन उचलीन.